छातीबाहेरचे हृदय

एम.ए.च्या तौलनिक साहित्याच्या तासाला जेम्स जॉइसची 'एव्हलीन' ही कथा शिकवत असताना भिंतीवरच्या एका तसबिरीपाशी आम्ही अडलो. 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहातली ही चार-पाच पानांची कथा. घर सोडून प्रियकराबरोबर निघून जाण्याच्या विचारात असलेली तरुणी खिडकीशी बसून खोलीतल्या वस्तू एकेक करून न्याहाळते. त्यांत मोडक्या हार्मोनियमच्या वर एका धर्मगुरूचा पिवळा पडलेला फोटो आहे आणि शेजारी 'धन्य मार्गारेट मेरी आलाकोक' यांना दिलेल्या वचनांची रंगीत छापील तसबीर. ही बाई कोण आणि वचने कोणी दिली, असे एका विद्यार्थिनीने विचारले. येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती, असे सांगून आम्ही फळ्यावर ओबडधोबड चित्र काढले : छाती उघडी, त्यात पेटलेले हृदय, भोवती काटे, वर क्रूस. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा तर मारुती!"

वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि 'प्रेमाचे प्रतीक' एवढे सांगून पुढे गेलो. हे उत्तर चुकीचे नव्हते, पण आळशी होते. प्रतीक हा शब्द आम्ही मराठीचे मास्तर लोक फार स्वस्तात वापरतो. एखाद्या अवयवाला प्रेमाचे प्रतीक म्हणायचे की प्रेमाचे ठिकाण, या एका प्रश्नावर रोममध्ये धर्मपंडितांनी वर्षानुवर्षे वाद घातला आहे, आणि त्या वादाची सावली विसाव्या शतकातल्या प्रतीकविचारापर्यंत पोचली आहे. त्या हशाला द्यायला हवे होते ते उत्तर येथे थोडे सविस्तर मांडतो.

मारुतीची आठवण येणे स्वाभाविक आहे. पण दोन चित्रांतली दिशा उलटी आहे. छाती फाडून दाखवणारा मारुती भक्त आहे, आणि आत देव बसलेला आहे. ख्रिस्ताच्या चित्रात छाती उघडणारा स्वतः देव आहे, आणि आत आहे ते त्याचेच, जखमी झालेले हृदय. आपल्याकडे छांदोग्य उपनिषदातल्या हृदयाकाशापासून संतांच्या हृदयमंदिरापर्यंत हृदय हे बहुधा निवासस्थान असते. देवाने तिथे यावे, राहावे. देवाला स्वतःचे हृदय आहे आणि ते दुखते, ही कल्पना निराळी.

खुद्द कॅथलिक परंपरेतही मारुतीच्या दिशेची उदाहरणे आहेतच, आणि ती आधीची आहेत. इटलीतल्या मोंतेफाल्को गावची ऑगस्टिनियन जोगीण क्लारा १३०८ मध्ये वारली, तेव्हा तिच्या सहनिवासिनींनी तिचे हृदय उघडून पाहिले. त्यात क्रूस आणि ख्रिस्ताच्या यातनांची साधने कोरल्यासारखी दिसली, असे त्यांनी सांगितले. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावर अँटवर्पच्या अँटन वीरिक्स या खोदचित्रकाराने एक चित्रमालिका केली. तिच्यात बाळ येशू भक्ताच्या हृदयात शिरतो, हातात झाडू घेऊन आतले सरपटणारे प्राणी बाहेर लोटतो, आणि मग तिथेच घर करतो. ही चित्रे पाहिली की मराठी वाचकाला परकेपणा वाटतच नाही. हृदय म्हणजे झाडून-सारवून ठेवायची जागा.

मग दिशा बदलली कधी? बीज योहानकृत शुभवर्तमानात आहे. क्रूसावर मृत झालेल्या येशूच्या कुशीत शिपाई भाला खुपसतो आणि रक्त व पाणी बाहेर येते. लक्षात घ्यावे, तिथे शब्द कुशीचा आहे, हृदयाचा नाही. पहिली कित्येक शतके चिंतन झाले ते कुशीतल्या जखमेचे. आदामाच्या कुशीतून जशी हव्वा, तशी ख्रिस्ताच्या कुशीतून ख्रिस्तसभा जन्मली, हे रूपक प्राचीन धर्मपित्यांचे आवडते. मध्ययुगात जखमेचे चित्र स्वतंत्रपणे काढले जाऊ लागले. लक्झेंबर्गच्या बोनची (मृत्यू १३४९) एक प्रार्थनापोथी आज न्यूयॉर्कमध्ये आहे. तिच्या एका पानावर ही जखम शरीरापासून सुटी, उभी, बदामाच्या आकाराची रंगवली आहे. प्रार्थना करणाऱ्या राजस्त्रीने जखमेकडे पाहायचे नव्हते, तिच्यात शिरायचे होते.

जखमेच्या आत काय आहे, हा प्रश्न विचारला तो स्त्रियांनी. सॅक्सनीतल्या हेल्फ्ता येथील मठात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हाकेबोर्नची मेख्टिल्ड आणि गेर्ट्रूड (१२५६–१३०२) या दोघी राहत होत्या. लॅटिन जाणणाऱ्या, लिहिणाऱ्या बायका. गेर्ट्रूडच्या दर्शनांपैकी एक विलक्षण आहे. संत योहानाच्या सणादिवशी तिचे मस्तक ख्रिस्ताच्या कुशीशी टेकते आणि तिला आतले ठोके ऐकू येतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी याच छातीवर डोके टेकलेल्या योहानाला ती विचारते, तुम्हीही हे ठोके ऐकले असतील, मग आपल्या ग्रंथात लिहिले का नाहीत? तो सांगतो, ते पुढच्या, प्रेम थंडावलेल्या काळासाठी राखून ठेवले आहे. ग्रंथात नसलेल्या गोष्टीला ग्रंथकर्त्याच्याच तोंडून अधिकार मिळवून देणारी ही युक्ती साहित्याच्या अभ्यासकाने कौतुकाने पाहावी अशी आहे. 'युक्ती' हा शब्द आम्ही उणेपणाने वापरत नाही.

आकाराविषयी थोडे. पादुआच्या अरेना चॅपेलमध्ये १३०५ च्या सुमारास जोत्तोने रंगवलेली 'प्रीती' आपले हृदय हातात धरून वर दिसणाऱ्या दैवी आकृतीकडे देते. ते अजून पत्त्यांतल्या बदामासारखे झालेले नाही. पत्त्यांतल्या त्या लाल चिन्हाला मराठीने हृदय न म्हणता बदाम म्हटले, आणि बोनच्या पोथीतली जखमही बदामाचीच, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो; त्यातून काही सिद्ध होत नाही.

आता मूळ नायिकेकडे. मार्गारेट मेरी आलाकोक (१६४७–१६९०) ही बर्गंडीतली मुलगी. वडील लवकर गेले. घर नातेवाइकांच्या हाती गेले आणि आईसकट ती आपल्याच घरात परकी झाली. लहानपणी सुमारे चार वर्षे ती अंथरुणाला खिळून होती. १६७१ मध्ये ती पारे-ले-मोनियाल येथील 'व्हिजिटेशन' मठात दाखल झाली. संत फ्रांस्वा द साल आणि जान द शांताल यांनी १६१० मध्ये स्थापन केलेल्या या संघाच्या मुद्रेतच बाणांनी विद्ध, काट्यांच्या मुकुटाने वेढलेले हृदय होते. म्हणजे मार्गारेट मेरी रोज ज्या चिन्हाखाली वावरत होती, तेच तिच्या दर्शनात पेटून उठले. यावरून दर्शन खोटे ठरत नाही की खरे ठरत नाही. मन आपल्याजवळच्या भाषेतच पाहते, एवढेच दिसते.

पहिले मोठे दर्शन २७ डिसेंबर १६७३ चे. दिवस पुन्हा संत योहानाचा, गेर्ट्रूडचाच. सर्वांत गाजलेले दर्शन जून १६७५ मधले. परंपरेने त्याची तारीख १६ जून मानली जाते. या दर्शनातला ख्रिस्त शिकवत नाही, तक्रार करतो. इतके प्रेम केले आणि बदल्यात बहुतेकांकडून कृतघ्नता मिळाली, असा त्याचा सूर आहे. आपल्या संतकवितेत भक्त देवावर रुसतो, त्याला बोल लावतो. इथे रुसवा देवाचा आहे. त्याला हवी असते भरपाई : महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेणे, गुरुवारी रात्री तासभर जागरण, आणि हृदयाचा एक स्वतंत्र सण.

मठात तिच्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. १६७५ च्या आरंभी पारेला आलेला जेझुइट क्लोद द ला कोलोंबिएर तिच्या बाजूने उभा राहिला. पुढच्याच वर्षी त्याला लंडनला डचेस ऑफ यॉर्क, म्हणजे मोदेनाच्या मेरीचा प्रवचनकार म्हणून पाठवले गेले. तिथे १६७८ च्या 'पोपिश प्लॉट'च्या हलकल्लोळात तो पकडला गेला, तुरुंगात राहिला, हद्दपार झाला आणि १६८२ मध्ये पारेलाच वारला. त्याच्या आत्मचिंतनाची टिपणे १६८४ मध्ये छापली गेली आणि मठाच्या भोजनगृहात वाचली जाऊ लागली. त्यांत एका अनाम व्यक्तीच्या दर्शनाचा उल्लेख होता. ती व्यक्ती आपल्यातच बसून जेवते आहे, हे ऐकणाऱ्यांच्या ध्यानात आले. कुठल्याही कादंबरीकाराने हेवा करावा असा हा प्रसंग आहे. २० जुलै १६८५ रोजी, तिच्या नावाच्या संताच्या दिवशी, तिच्या हाताखालच्या नवशिक्या जोगिणींनी शाईने हृदयाचे एक साधे चित्र काढून तिला भेट दिले. पुढे जगभर छापल्या गेलेल्या तसबिरींची ही आजी.

याच शतकात हृदयाचे दुसरे काय चालले होते? विल्यम हार्वेचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ १६२८ चा. हृदय हा रक्त ढकलणारा स्नायू आहे, हे मत पुढच्या काही दशकांत विद्वानांत रुजत गेले. भावना-विचारांचे आसन मेंदूकडे सरकू लागले. म्हणजे शरीरशास्त्र हृदयाला सिंहासनावरून उतरवत होते, नेमके तेव्हाच पारेच्या जोगिणीला ते ज्वाळांच्या सिंहासनावर बसलेले दिसत होते. एकामुळे दुसरे घडले असे कोणी म्हणू नये. पण दोन्ही गोष्टींची गाठ रोममध्ये पडणारच होती.

ती पडली ती सणाच्या मागणीवरून. झां यूद या धर्मगुरूने १६७२ मध्येच फ्रान्समध्ये हृदयाचा सण स्थानिक बिशपांच्या अनुमतीने सुरू केला होता. पण रोमची मान्यता ही वेगळी गोष्ट. १६९७ मध्ये व्हिजिटेशन संघाने अर्ज केला. त्याला पाठिंबा होता तो पदच्युत राणी मोदेनाच्या मेरीचा, म्हणजे ला कोलोंबिएरच्या जुन्या श्रोतीचा. रोमने हृदयाचा सण दिला नाही. त्या दिवशी पंचक्षतांची मिस्सा म्हणावी, असा तोडगा दिला. मार्गारेट मेरीशी पत्रव्यवहार केलेल्या झां क्रुआझे या जेझुइटाचे पुस्तक तर १७०४ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले, आणि १८८७ पर्यंत तिथेच राहिले.

१७२६ मध्ये जोसेफ द गालिफे या जेझुइटाने लॅटिन ग्रंथ लिहून पुन्हा दावा मांडला. समोर श्रद्धेचा प्रवर्तक, लोकभाषेत 'सैतानाचा वकील', म्हणून होता प्रोस्पेरो लांबेर्तिनी. गालिफेचे म्हणणे असे की हृदय हे ख्रिस्ताच्या प्रेमाचे खरेखुरे इंद्रिय आहे. प्रेम तिथे जाणवते, म्हणून ते पूज्य. लांबेर्तिनीने नेमक्या याच जागी बोट ठेवले. भावनांचे आसन हृदय की मेंदू, हा प्रश्न तत्त्वज्ञांत वादग्रस्त आहे, आणि नवे लोक मेंदूच्या बाजूचे आहेत. वादग्रस्त शरीरशास्त्रावर धर्माचा सण कसा उभारायचा? शिवाय आज हृदयाला सण दिला तर उद्या जिभेला, डोळ्यांना मागतील. १७२९ मध्ये उत्तर आले : नाही.

लांबेर्तिनी कोरडा माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. पुढे तो चौदावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला (१७४०–१७५८), आणि बोलोन्यात शरीररचनेच्या मेणाच्या प्रतिकृती करण्यासाठी त्याने एर्कोले लेल्लीला आश्रय दिला. हृदय म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याला घाई नव्हती. आमची सहानुभूती, कबूल करतो, या वादात त्याच्या बाजूला झुकते. त्याने भक्तीला नाही म्हटले नव्हते, वाईट युक्तिवादाला नाही म्हटले होते.

मराठीच्या अभ्यासकाला या वादात आणखी एक रस आहे. आपण ज्याला 'काळीज' म्हणतो ते व्युत्पत्तीने हृदय नव्हेच. संस्कृत 'कालेय' म्हणजे यकृत, त्यापासून काळीज. हिंदीतल्या कलेजाचीही हीच कथा. तरीही 'काळीज तुटले' म्हणताना कोणाही मराठी माणसाचा हात उजव्या बरगडीखाली जात नाही, डाव्या छातीवर जातो. शब्दाने अवयव बदलला आणि अर्थाला खरचटलेही नाही. गालिफेला ही एक मराठी व्युत्पत्ती ठाऊक असती, तर त्याने शरीरशास्त्राचा आधार कदाचित घेतला नसता.

१७६५ मध्ये तेराव्या क्लेमेंटने सण मान्य केला तो पोलंडच्या बिशपांसाठी आणि रोममधल्या एका भक्तमंडळासाठी. यावेळी मांडणी बदललेली होती : ख्रिस्ताच्या दैवी प्रेमाची आठवण या सणातून प्रतीकरूपाने जागवली जाते. इंद्रियाचा दावा मागे पडला, प्रतीक पुढे आले. एक भक्ती वाचली ती तिच्या समर्थकांनी शास्त्राशी भांडणे सोडल्यामुळे. सुमारे १७६७ मध्ये पोंपेओ बातोनीने रोमच्या जेझू चर्चसाठी तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेल्या ख्रिस्ताच्या हातात ते हृदय आहे. एखादे फळ पुढे करावे तसे तो ते धरतो. नंतरच्या हजारो गुळगुळीत तसबिरी याच चित्राच्या वंशातल्या. कलादृष्ट्या त्यांतल्या बहुतेक सामान्य आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

विरोधक मात्र स्वस्थ नव्हते. कृपेविषयी कठोर आणि ख्रिस्तप्रसाद क्वचितच घ्यावा असे मानणाऱ्या यान्सेनपंथीयांना दर शुक्रवारचे हे वात्सल्य सवंग वाटे. ते या भक्तांना 'हृदयपूजक' म्हणून हिणवत. तोस्कानामध्ये बिशप शिपिओने दे रिच्ची याच्या पुढाकाराने १७८६ मध्ये भरलेल्या पिस्तोइया धर्मसभेने या भक्तीवर टीका केली. १७९४ मध्ये सहाव्या पायसने त्या सभेची मते निषिद्ध ठरवताना खुलासा केला, की पूजा सुट्या मांसखंडाची नसते, ईश्वरी व्यक्तीशी एकरूप असलेल्या हृदयाची असते.

एव्हाना हृदय राजकारणात शिरले होते. १७२० च्या प्लेगमध्ये मार्सेचा बिशप बेलझॅन्स याने शहर या हृदयाला समर्पित केले होते. त्यात अजून निव्वळ आर्तता होती. पण १७९३ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्ध वांदे प्रांतातले शेतकरी उठले, तेव्हा त्यांच्या अंगरख्यांवर लाल हृदयाचे ठिगळ शिवलेले होते आणि भोवती देव आणि राजा यांची नावे. मार्गारेट मेरीने १६८९ मध्ये चौदाव्या लुईसाठी निरोप लिहिला होता : राजाने स्वतःला हृदयाला अर्पण करावे, ते निशाणावर काढावे, त्यासाठी वास्तू उभारावी. राजाने तसे काही केले नाही. शंभर वर्षांनी राजेशाही कोसळली आणि तो निरोप निष्ठावंतांच्या हाती भविष्यवाणीसारखा आला.

१८७०-७१ च्या पराभवानंतर पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर उभे राहिले ते याच भावनेतून. २४ जुलै १८७३ च्या कायद्याने राष्ट्रीय सभेने ते सार्वजनिक हिताचे काम ठरवले. पायाभरणी १६ जून १८७५ ला, दर्शनाच्या द्विशताब्दीला. स्थापत्यकार पॉल अबादी. बांधकाम १९१४ मध्ये पुरे झाले आणि युद्धामुळे समर्पण १९१९ मध्ये. आतल्या मोठ्या कुट्टिमचित्राखाली पश्चात्तापदग्ध फ्रान्स अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. पश्चात्ताप कशाचा? १८ मार्च १८७१ ला पॅरिस कम्यूनचा भडका याच टेकडीवरच्या तोफांवरून उडाला होता, आणि मे महिन्यात हजारो कम्यूनवाले मारले गेले होते. बांधण्याचा नवस कम्यूनच्या आधीचा, हे खरे. तरीही ज्यांचे लोक त्या आठवड्यात गेले, त्यांना तो शुभ्र घुमट क्षमेचा वाटला नाही. उघड्या हृदयाचे चिन्ह एका पक्षाचे होते, तेव्हा दुसऱ्या पक्षाला त्यातले काटेच दिसतात.

बाकीचा अधिकृत इतिहास झपाट्याने सांगता येईल. १८५६ मध्ये सण सगळ्या ख्रिस्तसभेला लागू झाला. १८६४ मध्ये मार्गारेट मेरी 'धन्य' आणि १९२० मध्ये 'संत' घोषित झाली. १८९९ मध्ये तेराव्या लिओने अखिल मानवजात हृदयाला समर्पित केली. १९५६ मध्ये बाराव्या पायसने या विषयावर मोठे परिपत्रक काढले, आणि २४ ऑक्टोबर २०२४ ला पोप फ्रान्सिस यांनी आपले अखेरचे परिपत्रक याच विषयावर लिहिले. आमच्या दृष्टीने यांहून महत्त्वाचे १९५९ हे साल. त्या वर्षी कार्ल रानर या जेझुइट विचारवंताचा प्रतीकाच्या ईश्वरशास्त्रावरचा निबंध पवित्र हृदयावरच्या लेखसंग्रहात आला. रानरचे म्हणणे असे : एक प्रतीक बोट दाखवते, आणि दुसऱ्यात वस्तू स्वतःच प्रकट होते, शरीर हे आत्म्याचे अशा दुसऱ्या अर्थाने प्रतीक आहे. गालिफे आणि लांबेर्तिनी या दोघांनाही थोडे थोडे बरोबर ठरवणारे हे उत्तर आहे. आम्ही वर्गात 'प्रेमाचे प्रतीक' म्हणालो ते पहिल्या अर्थाने. तिथेच आमचे चुकले.

आपल्या भाषांशी या भक्तीचा धागा आहे, पण तो नंतरचा. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. फ्रांस्वा द सालचा ईश्वरप्रेमावरचा ग्रंथही १६१६ चाच. पण मार्गारेट मेरीच्या जन्माला अजून एकतीस वर्षे होती. पुराणातला वधस्तंभ पारेच्या हृदयाआधीचा आहे. पुढे कराचीतल्या गोवेकरांसाठी फादर विन्सेंट लोबो यांनी १९१५ मध्ये रोमन लिपीतले 'दर म्हयन्याची रोटी' हे कोंकणी मासिक काढले, ते खास याच भक्तीच्या प्रसारासाठी. त्याच्या लांबलचक मूळ शीर्षकात हृदय नाही, अंतःकरणही नाही. जेजूचे पवित्र 'काळीज' आहे. संस्कृताचा आश्रय न घेता घरगुती शब्द उचलला गेला, हे आम्हाला फार योग्य वाटते. पुढे हे मासिक गोव्यात आले.

एव्हलीनच्या भिंतीवरची वचने कोणती, हे आता सांगता येईल. मार्गारेट मेरीच्या पत्रांतून निवडून केलेली बारा वचनांची यादी १८८२ नंतर ओहायोतल्या डेटनच्या फिलिप केम्पर या व्यापाऱ्याने अनेक भाषांत छापून जगभर वाटली. त्यांत भक्तांच्या कुटुंबात शांती नांदवण्याचे वचन आहे, आणि ही प्रतिमा जिथे लावली जाईल त्या घराला आशीर्वाद देण्याचेही. ज्या घरात ती तसबीर आहे तिथे मुलीला बापाच्या हाताच्या भीतीने छातीत धडधड होते. जॉइस यावर एक शब्द बोलत नाही, फक्त तसबीर टांगून ठेवतो. आणि तसबिरीतली बाई लहानपणी चार वर्षे खिळून पडलेली होती. कथेच्या शेवटी बंदराच्या कठड्याला धरून एव्हलीनही तशीच खिळते.

'युलिसिस' (१९२२) मध्ये मित्राच्या अंत्ययात्रेला गेलेला लिओपोल्ड ब्लूम दफनभूमीत मनाशी म्हणतो, की हृदय म्हणजे शेवटी पंपच. एक दिवस बंद पडायचा. पुढे पवित्र हृदयाचा पुतळा पाहून हा बिनश्रद्ध गृहस्थ कारागिराची चूक काढतो : ते थोडे बाजूला हवे होते आणि खऱ्यासारखे लाल रंगवायला हवे होते. लांबेर्तिनीच असा बोलू शकला असता. त्या कादंबरीचा दिवस १६ जून १९०४. जॉइसने तो निवडला तो नोरा बार्नेकलबरोबरच्या पहिल्या फिरण्यासाठी. पारेच्या दर्शनाची आणि मोंमार्त्रच्या पायाभरणीची तारीखही तीच. पुढच्या तासाला मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे सर, मारुतीच्या छातीत काय आहे ते रामाला दिसतं; पण रामाच्या छातीत काय आहे ते मारुतीनं कधी विचारलं का?"

आम्ही तो प्रश्न वहीत लिहून घेतला आहे.